दाराची फट

आनंदवाडीच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागे,
चार ओंडक्यांवर उभी आहे कॉन्टेसा,
चाकं काढलेली, काचा काढलेल्या,
लांब नाकाची, रुंद खांद्यांची,
एकेकाळी कस्टमच्या साहेबाची.

इनास लोबो एकवीस वर्षं जहाजांच्या पोटात राबला.
आता मात्र त्याला धीर नाही.
निळ्या ताडपत्रीखाली जपानी सहा सिलिंडर पडलंय,
दोनशे तीस किलो.
रोज येतो, ताडपत्रीचं टोक उचलतो,
पुन्हा झाकतो,
झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं तसं.

कधी बसवणार?

मी म्हणाले, उद्या बसवते.
पण कुणकेश्वरच्या पहिल्या चढाला
ही ओल्या लुगड्यासारखी पिळली जाईल
आणि पुढची काच तुझ्या मांडीत येईल.

त्याला पटेना.
मग जॅक लावला, पुढचा डावा कोपरा
वीतभर उचलला.
म्हटलं, आता दार लाव.
दार लागेना.
वरची फट मिटलेली,
खालच्या फटीत माझी करंगळी जात होती.
खांद्याने रेटलं त्याने, शिवी दिली पोर्तुगीज वळणाची,
मग गप्प बसला.

उंबऱ्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला
तो मुठीपर्यंत गेला.
खारं वारं रंगाला हात लावत नाही,
ते सांध्यातून आत शिरतं
आणि वर्षानुवर्षं बसून खातं.
आतून निघाले पत्र्याचे पोपडे, वाळू,
नखाएवढा वाळका खेकडा
आणि कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता,
अजून कुंकवाच्या.

बाबल मेस्त वाकस खांद्यावर टाकून चालला होता,
थांबला, वाकून खालून बघितलं.
"होडयेत मोठा मशीन घालूचा झाला
तर आमी आधी वाक दुप्पट करतंव.
दर्या एकदा माफ करीत.
मशीन नाय करणा."
आणि विडी मागून निघून गेला.

अकरा दिवस.
कुजकं ते कापलं, चांगला पत्रा लागेपर्यंत,
आणि चांगला पत्रा फार आत होता.
पुढच्या सांगाड्यापासून मागच्यापर्यंत
दोन इंची चौकोनी पाइप, डावा एक, उजवा एक,
मध्ये आडवा, बाबलच्या भाषेत पठाणाला वाक.
वेल्डिंग सलग ओढायचं नसतं.
एक इंच इथे, एक इंच तिकडच्या टोकाला,
मग बिडाचा वास निवेपर्यंत थांबायचं.
घाईने ओढलेली शिवण
सरळ गाडीला कायमची वाकडी करते.
सुतळीने कोपरा ते कोपरा मापत होते,
अकरा मिलीमीटरचा फरक
तीनवर आला, तिथून हटेना.
तीन राहू दिला.

इनास आता सकाळीच येऊ लागला.
पाइप धरायचा, ठिणग्यांना घाबरायचा नाही.
एकदा म्हणाला,
जहाज वाकतं, ठाऊक आहे ना?
मोठ्या लाटेवर मधोमध वाकतं, वाकलं पाहिजे.
नाही वाकलं तर मोडतं.

काच वर सारून मी त्याच्याकडे बघितलं.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
त्या दिवशी मागचा एक जोड मी सोडून दिला,
इंजिनाच्या बैठकीखाली
चार जागी जाड रबर घातलं,
आणि रात्री झोप लागली नाही
की कमी तर सोडलं नाही, की जास्त.

बाराव्या दिवशी पुन्हा जॅक.
तोच कोपरा, तीच वीत.
मागचं चाक नसलेलं अंगही
सोबत उठलं, आज्ञेत असल्यासारखं.
मी काही बोलले नाही. बाजूला झाले.

टक्.

इनासने दार उघडलं. लावलं.
उघडलं. लावलं.
बर्फवाल्या पोरांनी हात थांबवले.
मासळीच्या टेम्पोवाल्याने विचारलं, काय झालं रे?
कुणी सांगितलं नाही, सांगण्यासारखं नव्हतंच.

संध्याकाळी तो निघाला,
ताडपत्रीला वळसा घालून.
फाटकापासून परत आला.
मला वाटलं, आता विचारणार इंजिनाचं.
त्याने दार एकदा आणखी लावून बघितलं.